ब्रेक किलोमीटरवर झिजत नाहीत

"गाडी जेमतेम नऊ हजार चालली आणि ब्रेक पॅड संपले? मग तुम्ही ब्रेकवर पाय ठेवूनच चालवत असणार." अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, सर्व्हिस सेंटर कुठलंही असो, काउंटरवर हे वाक्य ठरलेलं असतं. समोर बाई असेल तर ते जास्त ठामपणे म्हटलं जातं आणि वर "साहेबांना पाठवा, त्यांना समजावतो" अशी पुस्ती जोडली जाते. पाठोपाठ दुसरं वाक्य येतं: पॅड हा झिजणारा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही. ब्रेक चिरकतात अशी तक्रार असेल तर तिसरं: मुंबईची हवा दमट आहे, आवाज येणारच. एवढ्यावर ग्राहक गप्प बसतो, बिल भरतो आणि काढलेले जुने पॅड तिथेच सोडून घरी येतो.

ही तिन्ही वाक्यं मला मान्य नाहीत. त्यांत थोडंथोडं खरं आहे, म्हणूनच ती इतकी वर्षं खपली. ब्रेक कशामुळे झिजला याचं उत्तर काढलेल्या पॅडवर स्पष्ट दिसत असतं, आणि नेमका तोच पॅड ग्राहकाला दाखवला जात नाही. माझा खरा आक्षेप हा आहे.

आधी किलोमीटरचं बघू. ब्रेकचं काम गाडीच्या गतीतली ऊर्जा घर्षणाने उष्णतेत बदलण्याचं. ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि दर वेळी थांबताना ती नव्याने खर्च करावी लागते. ११०० किलोची छोटी गाडी ताशी २० किलोमीटरवरून थांबवायची तर साधारण १७ किलोज्यूल ऊर्जा संपवावी लागते. ६० वरून थांबवायची तर १५३. आता साकीनाक्याहून अंधेरी स्टेशनकडे जाणारा संध्याकाळचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. समजा एका किलोमीटरमध्ये दहा वेळा २० पर्यंत वेग घेतला आणि दहा वेळा थांबलात. म्हणजे १७० किलोज्यूल. इंजिनाने आणि टायरांनी आपोआप खाल्लेला थोडा वाटा सोडला, तरी हे काम ६० वरून एकदा करकचून थांबण्याएवढं भरतं. तिकडे महामार्गावर वीसेक किलोमीटर पेडलला पायही लागत नाही. दोन्ही गाड्यांच्या मीटरवर पडणारा प्रत्येक किलोमीटर दिसायला सारखाच, ब्रेकच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचा फरक.

उपनगरातल्या गाडीचं आयुष्यच असं आहे. ऑफिसला लोकल, नाहीतर २०१४ पासून वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो, आणि २०२२ पासून पश्चिम उपनगरात आणखी दोन मार्गिका. गाडी निघते ती शनिवार-रविवारी, मुलाला क्लासला सोडायला, आईला डॉक्टरकडे न्यायला. ते चार-पाच किलोमीटर कुठले? एस. व्ही. रोड, एल. बी. एस. मार्ग, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता. नोव्हेंबर २०२२ मध्ये अंधेरीचा गोखले पूल बंद झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचा पहिला भाग सुरू झाला, त्या मधल्या काळात अंधेरी पूर्वेकडून पश्चिमेला गेलेल्या माणसाला विचारा, एका किलोमीटरला किती वेळा ब्रेक दाबला. त्यात गाडी ऑटोमॅटिक असेल तर 'डी'मध्ये ती आपणहून पुढे सरकते, तिला जागेवर धरून ठेवायला ब्रेकच लागतो. वाहतूक कोंडीत पायाला आराम म्हणून हीच गाडी विकायची आणि मग त्याच कोंडीत ब्रेक दाबला म्हणून चालवणाऱ्याला दोष द्यायचा, हे बरोबर नाही.

यावर सर्व्हिस सेंटरवाले म्हणतील, आम्हीही हेच सांगतो: ट्रॅफिकमुळे झिजले, म्हणजे वापरामुळे झिजले. ठीक आहे. पण मग "नऊ हजारांतच कसे संपले" हा ठपका ठेवायचा अधिकार तुम्हाला उरत नाही, कारण किलोमीटरचा हिशोब तुम्हीच सोडून दिला. शिवाय खरंच वापरामुळे झिजले की दुसऱ्या कशामुळे, हे चाक काढून न बघता कोणी ठरवलं?

ते दुसरं कारण उपनगरात फार मोठं आहे. कमी चालणारी गाडी म्हणजे जास्त उभी राहणारी गाडी, आणि आपल्याकडे उभं राहणं ब्रेकला मानवत नाही. डिस्क बिडाच्या लोखंडाची असते आणि तिच्या घासणाऱ्या पृष्ठभागावर रंग देता येत नाही. जुलैच्या पावसात एका रात्रीत तिच्यावर तांबूस थर येतो. तो निरुपद्रवी असतो, सकाळी चार-सहा वेळा ब्रेक दाबला की जातो. पण गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली तर गंज खोल जातो, पॅडखाली झाकलेल्या भागाचा ठसा डिस्कवर उमटतो, कडेला गंजाचा उंचवटा तयार होतो, आणि पुढे हाच खरखरीत पृष्ठभाग पॅडला कानशीसारखा खात राहतो. वर्सोवा-गोराईची खारी हवा, मुलुंड-भांडुप-कांजूरच्या मिठागरांवरून येणारा वारा, मेट्रोच्या आणि रस्ते काँक्रिटीकरणाच्या कामांची बारीक धूळ, हे सगळं त्यात भर घालतं. लॉकडाऊनमध्ये मार्च २०२० पासून सोसायट्यांच्या आवारात महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांनी हे सगळ्यांना दाखवून दिलं. एक किलोमीटरही न चाललेल्या गाड्यांचे ब्रेक जाम झाले होते. त्यांचे मालक ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवत होते का?

खरा घोटाळा गंजापेक्षाही आत, कॅलिपरच्या पिनांमध्ये असतो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकाचा कॅलिपर दोन पिनांवर आत-बाहेर सरकणारा असतो. पिस्टन एकच आणि तोही आतल्या बाजूला. पेडल दाबलं की पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या उलट्या जोराने सबंध कॅलिपर सरकून बाहेरचा पॅड दुसऱ्या अंगाने आवळतो. पाय उचलला की पिस्टनभोवतीचं रबरी सील पूर्वीच्या आकारात येतं आणि पिस्टनला केसभर मागे ओढतं. एवढ्याशा जागेत पॅड सुटा होतो. आता पिनांवरचं रबरी बूट फाटलं, आत पाणी गेलं, ग्रीस वाळलं, तर कॅलिपर सरकायचा थांबतो. मग आतला पॅड पाय उचलल्यावरही डिस्कला चिकटून फिरतो आणि रस्ता मोकळा असला तरी झिजत राहतो. चालवणाऱ्याला काही कळत नाही. फार तर एका चाकाची रिम दुसरीपेक्षा जास्त तापते, गाडी किंचित एका बाजूला ओढते, मायलेज थोडं उतरतं.

माझ्या गाडीचं हेच झालं होतं. सर्व्हिस सेंटरमध्ये ठरलेलं वाक्य ऐकल्यावर मी जुने पॅड मागितले. "स्क्रॅपमध्ये गेले" असं उत्तर मिळालं. मी हलले नाही, तेव्हा ते मागून आणले गेले. डाव्या चाकाचा बाहेरचा पॅड निम्म्याहून अधिक शिल्लक होता आणि आतला पार लोखंडी पत्र्यापर्यंत गेला होता. उजव्या चाकाचे दोन्ही ठीक होते. माझा पाय फक्त डाव्या चाकाच्या आतल्या पॅडवर कसा काय ठेवला गेला, याचं उत्तर काउंटरवर कोणाकडे नव्हतं. नंतर पिन सोडवली, साफ केली, नवं ग्रीस भरलं. त्यापूर्वीच्या दोन्ही बिलांवर 'ब्रेक क्लीनिंग अँड ग्रीसिंग' ही ओळ होती आणि तिचे पैसेही घेतलेले होते.

चांभार चपलेचा झिजलेला तळ बघून माणूस पाय कसा टाकतो ते सांगतो. पॅडही इतकंच स्पष्ट बोलतो. चारही पॅड सारखेच झिजले असतील तर तो वापर आहे, मुकाट्याने पैसे द्यावेत. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा खूप पातळ असेल तर पिन किंवा पिस्टन अडकला आहे. एकच पॅड पाचरीसारखा, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ असेल, तर कॅलिपर तिरका बसतोय. एकाच चाकाचे दोन्ही पॅड गेले असतील तर त्या चाकाच्या कॅलिपरची किंवा ब्रेक ऑइलच्या होजची तपासणी हवी, कारण आतून फुगलेला होज दाब जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकाकत असेल तर तो तापून कडक झाला आहे.

ब्रेकवर पाय ठेवून चालवणारे लोक नसतातच, असं मी म्हणत नाही. असतात, आणि त्यांच्या पुढ्यात हा आरोप जरूर ठेवावा. पण त्यालाही पुरावा असतो: दोन्ही चाकांचे चारही पॅड सारखे उडालेले, चकाकणारे, डिस्कवर निळसर झाक आलेली. हा पुरावा दाखवा आणि मग बोला. पुरावा न दाखवता, गाडीचा मालक कोण आहे ते बघून केलेला आरोप हा निव्वळ अपमान आहे.

आता वॉरंटी. पॅड झिजणारा भाग आहे आणि त्याची नैसर्गिक झीज वॉरंटीत येत नाही, हे कबूल. नव्या पॅडचं अस्तर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतं आणि ते तीनेक मिलिमीटरवर आलं की बदलायचं, हा सर्वसाधारण नियम. पण पिन, पिस्टन, रबरी बूट, होज हे झिजणारे भाग नाहीत. वर्षभराच्या गाडीत त्यांच्यामुळे पॅड गेला असेल, तर पॅडची झीज हा परिणाम आहे आणि कॅलिपर हे कारण. परिणामाचं नाव पुढे करून कारण झाकायचं, ही पद्धत मी अन्याय्य मानते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात सेवेतल्या त्रुटीच्या व्याख्येत, संबंधित माहिती ग्राहकापासून जाणूनबुजून दडवणं हेही धरलेलं आहे. आतला आणि बाहेरचा पॅड किती उरला होता, ही संबंधित माहिती नाही तर दुसरं काय आहे?

याच कायद्यात, मालातला दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर जिल्हा ग्राहक आयोग तो माल प्रयोगशाळेत पाठवू शकतो. म्हणजे जुने पॅड हा पुरावा आहे. ज्याचे पैसे तुम्ही भरलेत त्या दुरुस्तीतले काढलेले भाग तुमचे असतात, आणि ते "स्क्रॅपमध्ये गेले" की तुमची बाजूही त्यांच्याबरोबर जाते. उपनगर जिल्ह्याचा आयोग वांद्रे पूर्वेला आहे. पाच लाखांपर्यंतच्या रकमेच्या तक्रारीला तिथे फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, दोन वर्षांची मुदत आहे. एवढ्या टोकाला जायचं नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि १९७५ पासून या शहरात काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत विलेपार्ल्यातच आहे.

मालकांकडूनही एक चूक सतत होते, ती सांगितलीच पाहिजे. सर्व्हिसच्या पुस्तिकेत बहुधा "१०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, जे आधी होईल ते" असं लिहिलेलं असतं. उपनगरातला मालक पहिला आकडा वाचतो आणि दुसरा सोडून देतो, कारण त्याची गाडी दहा हजारांना पोचायला दोन वर्षं घेते. त्या दोन वर्षांत पिनांवरून दोन पावसाळे जातात. ब्रेक ऑइलही हवेतली आर्द्रता शोषत राहतं. कोरडं असताना २३० अंशांच्या पुढे उकळणाऱ्या डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा उकळबिंदू पाणी मिसळल्यावर १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, गाडी चालो वा न चालो. आणि पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवू नये. मागच्या ड्रमला लायनर चिकटतात. सपाट जागेवर गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावला तरी पुरतं.

राहिला आवाज. "मुंबईची हवा दमट, आवाज येणारच" हे वाक्य तिन्हींत सगळ्यात धोकादायक आहे, कारण ते ऐकून माणूस निर्धास्त होतो. डिस्क ब्रेकइतकीच त्याच्या आवाजाची तक्रारही जुनी आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, तेव्हा धातूवर धातू घासून असह्य किंकाळी निघायची. १९०७ मध्ये हर्बर्ट फ्रूडने अ‍ॅस्बेस्टॉसचं अस्तर लावून ती थांबवली. पुढे अ‍ॅस्बेस्टॉस फुप्फुसाला घातक ठरलं, पॅडमध्ये धातूचे कण आले, आवाजाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला आणि त्यावर पॅडच्या पाठीमागचे शिम, कडेचे तिरके छाट, मधल्या खाचा असे उपायही निघाले. शंभर वर्षांहून अधिक काळ ज्यावर इंजिनिअर काम करत आले, त्याला "येणारच" म्हणून हात झटकणं हे उत्तर होऊ शकत नाही.

आवाज-आवाजात फरक असतो आणि तो ओळखणं हे काउंटरवरच्या माणसाचं काम आहे. पावसाळी सकाळी पहिल्या काही ब्रेकला येणारी खरखर हवेमुळे येते, ती लगेच जाते. दिवसभर, सिग्नलजवळ हळू होताना येणारी बारीक चीं हा पॅड आणि डिस्कमधला कंप आहे: शिम निसटलेला, पॅड चकाकून कडक झालेला किंवा हलक्या दर्जाचा. गाडी नुसती चालताना सतत येणारी आणि ब्रेक दाबल्यावर बदलणारी शीळ बहुधा पॅडवरच्या छोट्या पोलादी पट्टीची असते. अस्तर संपत आलं की ती डिस्कला टेकावी आणि मालकाला ऐकू जावं, म्हणूनच ती तिथे बसवलेली आहे. आणि खर्र असा जड आवाज म्हणजे लोखंडाला लोखंड लागलं; तिथून गाडी पुढे न्यायचीच नाही. या चारही आवाजांना एकच उत्तर देणारा माणूस ऐकतच नाहीये.

आवाजाकडे दुर्लक्ष का करू नये, याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण आपल्याच देशातलं आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मारुती सुझुकीने वॅगन आर, सेलेरिओ आणि इग्निस या मॉडेलच्या ९,९२५ गाड्या परत मागवल्या. मागच्या ब्रेकच्या जुळणीतली एक पिन तुटू शकते, तिच्यामुळे वेगळाच आवाज येऊ शकतो आणि पुढे जाऊन ब्रेकच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो, असं कंपनीनेच जाहीर केलं होतं. या गाड्या ३ ऑगस्ट ते १ सप्टेंबर २०२२ दरम्यान बनलेल्या, म्हणजे अवघ्या दोन-तीन महिन्यांच्या होत्या. कमी चाललेली गाडी, ब्रेकमधून येणारा आवाज, आणि कारण कारखान्यातला दोष. कंपनीने हे उघडपणे सांगितलं, भाग मोफत बदलून देण्याची तयारी दाखवली, ते योग्यच केलं. पण त्या यादीतल्या एखाद्या मालकाला त्याआधी कुणी "मुंबईची हवा" म्हणून परत पाठवलं असतं तर? मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ११०-अ हे कलम आलं आणि सदोष गाड्या परत मागवायला लावण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्या यंत्रणेचा पाया मालकांच्या नोंदलेल्या तक्रारी हाच आहे. काउंटरवर तोंडी उडवून लावलेली तक्रार कुठल्याच नोंदीत जात नाही.

रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये होणारे उपायही मला मान्य नाहीत, जरी तिथले कितीतरी मिस्त्री सर्व्हिस सेंटरपेक्षा जास्त प्रामाणिकपणे चाक काढून दाखवतात. पॅडला पॉलिश पेपर मारून आवाज जातो, पण पिन अडकलेलीच राहते आणि महिन्याभरात तो परत येतो. डिस्कवर तेलाचा किंवा कसलाही स्प्रे मारणं तर जिवावरचा खेळ आहे. आवाज थांबतो आणि त्याबरोबर ब्रेकही. याच्या उलट टोकाला सर्व्हिस सेंटरचं अंदाजपत्रक: दोन्ही डिस्क, चारही पॅड, लेबर. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. मोजपट्टी लावून ती कमी भरल्याचं दाखवल्याखेरीज नवी डिस्क घ्यायचं कारण नाही.

इलेक्ट्रिक गाड्यांबरोबर हा प्रश्न आणखी वाढणार आहे. त्यांत मोटरच गाडीचा वेग उतरवते आणि पॅड फारसे वापरले जात नाहीत, म्हणून डिस्क गंजतात. फोक्सवॅगनने आपल्या आयडी.४ या इलेक्ट्रिक गाडीला मागे पुन्हा ड्रम ब्रेक दिले, त्यामागे हेही एक कारण होतं. न वापरलेला ब्रेक बिघडतो हे मोठ्या कंपन्यांना कळून चुकलं आहे. ते मुलुंडच्या काउंटरपर्यंत पोचायला हरकत नसावी.

कंपन्यांकडे माझी मागणी छोटी आहे: प्रत्येक सर्व्हिसच्या बिलावर प्रत्येक पॅडची जाडी, आतल्याची वेगळी आणि बाहेरच्याची वेगळी, मिलिमीटरमध्ये छापा. मोजायला पाच मिनिटं लागत नाहीत. आणि वाचकांना विनंती अशी की, ते छापायला लागेपर्यंत तुम्ही मागा. चाक काढल्यावर तिथे उभे राहा. पुढच्या दोन चाकांचे चार पॅड, म्हणजे चार आकडे जॉबकार्डवर लिहून घ्या, पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा, जुन्या पॅडवर चाकाची बाजू लिहून ते पिशवीत घालून घरी न्या. हे चार आकडे लिहिले जाईपर्यंत अंदाजपत्रकावर सही करू नका.